मैदानावरचा आलूबोंडा महाग का, आणि गार का?

फुटबॉलच्या मैदानावर मिळणारा आलूबोंडा चौकातल्या आलूबोंड्यापेक्षा महाग असतो आणि बहुतेक वेळा तो गारही असतो. महाग म्हणून आपण विकणाऱ्याला लुटारू ठरवतो, गार म्हणून त्याला आळशी ठरवतो, आणि खेळ पुन्हा सुरू झाला की दोन्ही तक्रारी विसरतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते सामन्याच्या वेळापत्रकात आणि स्टॉलच्या ठेक्याच्या कागदात सापडते. कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात त्यातले फार थोडे असते.

नागपुरात आमच्या भागात होणाऱ्या एका हौशी स्पर्धेच्या समितीत मी सहा वर्षे जमाखर्चाची वही सांभाळली. त्या वहीत जमेच्या बाजूला ‘स्टॉलचा ठेका’ या नावाने दरवर्षी एक रक्कम येत असे आणि ती आदल्या वर्षापेक्षा वाढली की आम्हा सर्वांना समाधान वाटे. ती रक्कम शेवटी कोणाच्या खिशातून येते, हा प्रश्न मला पहिली तीन वर्षे पडलाच नाही. चौथ्या वर्षी मी एका बोंडेवाल्या काकाजींच्या शेजारी बसून त्यांच्या दिवसाचा हिशेब कागदावर मांडला, आणि तेव्हापासून मैदानावरच्या खाण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

पंधरा मिनिटांचा बाजार

फुटबॉलचा सामना ४५ मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि मधे १५ मिनिटांचे मध्यंतर असते. क्रिकेटमध्ये षटक संपते, गडी बाद होतो, पाणी येते, आणि प्रेक्षक अधूनमधून उठून खाऊन येतो. फुटबॉलमध्ये खेळ अखंड चालतो आणि गोल कोणत्याही क्षणी होऊ शकतो, त्यामुळे शिट्टी वाजेपर्यंत जागा कोणी सोडत नाही. शिट्टी वाजताच मात्र सगळे मैदान एकाच वेळी उठते.

या गर्दीचे गणित करून पाहावे. समजा, मैदानावर ३००० माणसे आहेत आणि त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याला, म्हणजे १००० जणांना, मध्यंतरात काही तरी खायचे आहे. पैसे घेणे, सुटे परत करणे, द्रोणात बोंडा ठेवणे, त्यावर चटणी घालणे, या सगळ्याला एका विक्रेत्याला अर्धा मिनिट लागतो असे धरू. १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद, म्हणजे एका विक्रेत्याकडून फार तर ३० गिऱ्हाईके होतात. हजार जणांना वेळेत खायला घालायचे असेल तर ३४ विक्रेते उभे असले पाहिजेत. आपल्या मैदानांवर चार असतात. ते चौघे मिळून १२० जणांना देऊ शकतात, आणि उरलेले ८८० जण एक तर उपाशी परततात किंवा रांगेत उभे राहून दुसऱ्या डावाची सुरुवात हुकवतात. आता बहुतेक जण मोबाईलवरून पैसे देतात, पण त्याने ही अडचण सुटलेली नाही, कारण हजारो फोन एकाच मैदानात एकाच वेळी चालू असले की नेटवर्क अडखळते आणि ‘पैसे मिळाले’ असे यंत्र बोलेपर्यंत रांग थांबून राहते.

काकाजींनी मला हे गणित एका वाक्यात सांगितले होते. ‘‘शिट्टी वाजली का मले पंधरा मिनिटं भेटते, भाऊ. तेवढ्यात विकलं तं विकलं, नाही तं घरी नेऊन गाईले चारा लागते.’’

म्हणून ते पहिल्या डावाच्या पस्तिसाव्या मिनिटालाच शेवटचे घाणे काढून मोकळे होत. दीडशे बोंडे स्टीलच्या परातीत एकावर एक रचलेले असत आणि त्यांवर कापड झाकलेले असे. बेसनाचे आवरण कुरकुरीत लागते, कारण तळताना त्यातले पाणी उडून गेलेले असते. आतल्या उकडलेल्या बटाट्यात मात्र भरपूर पाणी शिल्लक असते. बोंडे रचून झाकले की आतली वाफ बाहेर येते, तिला जायला वाट मिळत नाही, आणि ती आवरणातच मुरते. दहा मिनिटांत कुरकुरीत बोंडा मऊ पडतो, वीस मिनिटांत गार होऊ लागतो. काकाजी आळशी नव्हते. मध्यंतरात गरम बोंडा तळून द्यायचा ठरवले असते तर एका घाण्याला लागणाऱ्या पाच-सहा मिनिटांत त्यांच्यासमोरची रांग मोडून गेली असती.

मैदानावर काय विकावे याचे उत्तर चवीइतकेच या पंधरा मिनिटांवर अवलंबून असते. इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर ‘पाय’ नावाचा मांसाचे सारण भरलेला भाजका पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. तो आधी भाजून गरम कपाटात ठेवता येतो, त्याचे कवच लवकर बिघडत नाही, आणि तो उभ्या उभ्या हातात धरून खाता येतो. त्या कसोटीवर पाहिले तर नागपूरकडे पायपेक्षा चांगला पदार्थ आहे, तो म्हणजे तर्री पोहे. हरभऱ्याची तर्री मंद आचेवर तासभर उकळत राहिली तरी बिघडत नाही, उलट चढते. झाकून ठेवलेले पोहे थोडे कोरडे पडतात, पण वरून पळीभर उकळती तर्री पडली की ती कसर भरून निघते. कांदा, सांबार आणि शेव टाकून बशी पुढे करायला पंधरा सेकंद पुरतात. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे.) रोज सकाळी शहरभर ठेल्यांवर हा पदार्थ ज्या वेगाने वाढला जातो तो पाहिला की मध्यंतरासाठी याहून योग्य काही सुचत नाही. तरीही मैदानावर आपण तळणाचाच आग्रह धरतो, आणि मग ते गार मिळाले म्हणून रागावतो.

बोंड्याच्या किमतीत काय काय असते

आता किमतीकडे येऊ. पुढचे आकडे समजण्यापुरते गोल करून घेतले आहेत, पण त्यांचे आपसातले प्रमाण मी वहीत पाहिलेल्या प्रमाणाच्या जवळचे आहे.

चौकातल्या दुकानदाराचा भाडे, मजुरी, गॅस आणि वीज असा दिवसाचा बांधीव खर्च ३००० रुपये आहे आणि तो रोज ६०० बोंडे विकतो असे धरू. म्हणजे प्रत्येक बोंड्यावर बांधीव खर्चाचे ५ रुपये बसतात. बटाटा, बेसन, तेल आणि चटणी यांचे ९ रुपये धरले तर बोंडा त्याला १४ रुपयांना पडतो. तो २० रुपयांना विकून एका बोंड्यामागे ६ रुपये कमावतो.

मैदानावरच्या विक्रेत्याचा कच्चा माल तोच आहे, म्हणजे ९ रुपयेच. पण त्याला त्या दिवसाच्या ठेक्याचे ६००० रुपये समितीला द्यायचे आहेत, दोन-तीन मदतनिसांची मजुरी २४०० रुपये आहे, आणि सामान आणण्या-नेण्याचे व १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या वापराचे मिळून १६०० रुपये आहेत. हा झाला १०,००० रुपयांचा बांधीव खर्च. सामन्याआधी, मध्यंतरात आणि नंतर मिळून त्याचे ४०० बोंडे खपले, तर प्रत्येक बोंड्यावर २५ रुपये बसतात. बोंडा त्याला ३४ रुपयांना पडला. तो ४० रुपयांना विकतो आणि एका बोंड्यामागे तेच ६ रुपये कमावतो.

ज्याला आपण लुटारू म्हणतो त्याला बोंड्यामागे चौकातल्या दुकानदाराइतकेच मिळतात आणि दिवसअखेर त्याहून कमी मिळतात. दुकानदाराचे ३६०० रुपये होतात, याचे २४०० होतात. पाऊस आला, किंवा घरचा संघ उपान्त्य फेरीतच हरला आणि अंतिम सामन्याला गर्दी झाली नाही, तर उरलेल्या मालाचे नुकसान त्याचेच. दुकानदार वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस दुकान उघडतो, म्हणून एखादा वाईट दिवस त्याला पचतो. स्पर्धेतल्या विक्रेत्याकडे पंधरा-वीस दिवसच असतात.

या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम ठेक्याची आहे. ६००० रुपये ४०० बोंड्यांवर वाटले तर प्रत्येकी १५ रुपये होतात. ४० रुपयांच्या बोंड्यातले १५ रुपये बटाट्याचे नाहीत, तेलाचे नाहीत आणि काकाजींचेही नाहीत. ते आम्हा समितीवाल्यांचे होते. आम्ही ते पंचांचे मानधन, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे, मंडप आणि करंडक यांवर खर्च करत होतो. ज्या स्पर्धेला तिकीट नसते त्या स्पर्धेला पैसा कोठून तरी आणावाच लागतो, त्यामुळे त्यात मला लबाडी दिसत नाही. पण तो पैसा प्रेक्षकाकडून बोंड्याच्या आडून घेतला जातो, आणि त्याचा दोष मात्र बोंडेवाल्याला लागतो, हे मला पटत नाही.

ठेका देण्याची पद्धत तर याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला स्टॉल, असा आमचा नियम होता आणि बहुतेक ठिकाणी तो असाच असतो. वरवर तो न्याय्य वाटतो. परंतु सर्वांत जास्त बोली कोण लावू शकतो? जो सर्वांत महाग विकण्याची तयारी ठेवतो, किंवा जो मालावर सर्वांत कमी खर्च करणार आहे, तोच. चांगले तेल वापरणारा आणि वाजवी दर ठेवणारा माणूस त्या लिलावात पहिल्या फेरीतच बाहेर पडतो. म्हणजे खराब आणि महाग खाणे निवडण्याची व्यवस्था आपणच उभी करतो आणि तिला स्पर्धात्मक निविदा म्हणतो. मोठ्या स्टेडियममध्ये यात आणखी पायऱ्या वाढतात. एक मोठी कंपनी सगळा ठेका घेते, ती स्टॉल पोटभाड्याने देते, आणि प्रत्येक पायरीवर कोणाचा तरी वाटा त्या बोंड्यात शिरतो.

याला जोडून आणखी एक कारण आहे. चौकातल्या पोहेवाल्याकडे उद्या सकाळी तेच गिऱ्हाईक पुन्हा येणार असते. एक दिवस तर्री बिघडली तर तो स्वतः माफी मागतो, कारण त्याचा धंदा त्या ओळखीवर चालतो. स्टेडियममधला विक्रेता आणि प्रेक्षक पुन्हा भेटतील याची खात्री नसते. शिवाय स्टेडियम शहराबाहेर असेल तर प्रेक्षकाला दुसरा पर्यायही उरत नाही. वर्धा रोडवर जामठ्याचे स्टेडियम २००८ मध्ये सुरू झाले, तिथे क्रिकेट होते, पण मुद्दा फुटबॉललाही तितकाच लागू आहे. धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमबाहेर पाऊल टाकले की चार ठेले दिसतात, तर शहरापासून दूरच्या स्टेडियममध्ये आत शिरलेला माणूस खेळ संपेपर्यंत आतल्याच दराला बांधलेला असतो.

अटलांटात काय केले

याच्या उलट करून पाहिल्याचे एक उदाहरण जगभर चर्चिले गेले आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात २०१७ मध्ये मर्सिडीज-बेंझ स्टेडियम उघडले. तेथे अमेरिकन फुटबॉलचा अटलांटा फाल्कन्स हा संघ खेळतो आणि आपल्या ओळखीच्या फुटबॉलचा अटलांटा युनायटेड हा संघही खेळतो. अमेरिकेतल्या स्टेडियममधले खाणे महागडे म्हणूनच प्रसिद्ध असताना या दोन्ही संघांचे मालक आर्थर ब्लँक यांनी हॉट डॉग, पाणी आणि पॉपकॉर्न २ डॉलरला ठेवले, शीतपेयही २ डॉलरला आणि तेही हवे तितक्या वेळा भरून घेण्याच्या सोयीसह. दुसऱ्या वर्षी त्यांनी हॉट डॉग आणखी स्वस्त करून दीड डॉलरवर आणला. आधीच्या स्टेडियमच्या तुलनेत दर सुमारे निम्मे झाले, आणि तरीही पहिल्या हंगामात प्रत्येक प्रेक्षकाचा खाण्यावरचा सरासरी खर्च १६ टक्क्यांनी वाढला.

हे चमत्कारासारखे वाटते, पण आपले पंधरा मिनिटांचे गणित लक्षात ठेवले तर त्याचा उलगडा होतो. त्यांनी कर धरून पूर्ण डॉलरचे दर ठेवले, त्यामुळे सुट्या नाण्यांचा घोळ संपला. विक्रीच्या खिडक्या वाढवल्या. शीतपेय प्रेक्षकाने स्वतः भरून घ्यायचे असल्यामुळे त्या कामाला विक्रेता अडकला नाही. रांग पुढे सरकू लागली आणि रांगेला कंटाळून परतणारी माणसे गिऱ्हाईक झाली. पूर्वी चौघांच्या कुटुंबात एक पॉपकॉर्न वाटून खाल्ला जात असेल, तर आता चौघांसाठी चार घेणे परवडू लागले. परंतु या सगळ्याच्या मुळाशी एक निर्णय होता, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: दर ठरवण्याचा अधिकार संघांच्या मालकाने खाद्यसेवेच्या कंपनीकडे न सोपवता स्वतःकडे ठेवला. तिकिटे, जाहिराती आणि प्रक्षेपण यांतून त्याला भरपूर उत्पन्न होते, म्हणून तो हे करू शकला, हेही मान्य केले पाहिजे. आमच्यासारख्या बिनातिकिटाच्या स्पर्धेला ते जसेच्या तसे उचलता येणार नाही, पण दराची अट ठेक्याच्या कागदात लिहायला कोणतेच भांडवल लागत नाही.

दर्जा म्हणजे तापमान, तेल आणि बर्फ

खाण्याचा दर्जा म्हटले की आपण चवीविषयी बोलतो. मैदानावर मात्र चवीआधी तीन गोष्टी तपासाव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट तापमान. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार गरम वाढायचे अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवले पाहिजे आणि थंड ठेवायचे अन्न ५ अंशांवर किंवा त्याखाली. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात, अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे सावलीत ठेवलेले पातेलेही दिवसभर याच पट्ट्यात असते. उकळत्या तर्रीला ही भीती नाही. भीती असते ती सकाळी वाटून आणलेल्या दह्याच्या किंवा ओल्या खोबऱ्याच्या चटणीला, चिरून उघड्या ठेवलेल्या कांद्याला आणि उकडून, कुस्करून दुपारपर्यंत झाकून ठेवलेल्या बटाट्याच्या सारणाला. तळणाच्या आचेने सारणातले बहुतेक जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच तयार केलेले विष उष्णतेने नाहीसे होत नाही. गारढोण बोंड्यापेक्षा कोमट चटणी अधिक घातक असते.

दुसरी गोष्ट तेल. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात काही घातक संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजायचे हातात धरण्याचे यंत्र असते, पण ते आपल्यापाशी नसते, तेव्हा डोळ्यांनी आणि नाकाने पाहावे लागते. तेल काळपट आणि चिकट झालेले असेल, बोंडा सोडला की वर फेस येऊन तो बराच वेळ बसत नसेल, आणि कढई फार तापलेली नसतानाही धूर येऊन घशाला खवखव होत असेल, तर ते तेल टाकून देण्याच्या अवस्थेला आलेले आहे. मैदानाचा धोका इथे दुकानापेक्षा वेगळा आहे. दुकानात रोज तळण चालते आणि रोज नव्या तेलाची भर पडते. स्पर्धेत मात्र सामना दर रविवारी असेल, तर या रविवारचे उरलेले तेल डब्यात भरून पुढच्या रविवारी पुन्हा कढईत उतरते. ठेक्याची बोली जितकी जास्त, तितका तेल टाकून देण्याचा निर्णय विक्रेत्याला जड जातो. महागाई आणि निकृष्टपणा एकाच मुळातून येतात असे मी सुरुवातीला म्हटले, ते सर्वांत स्पष्टपणे या डब्यात दिसते.

तिसरी गोष्ट बर्फ. उन्हाळी सामन्यांत लिंबूपाणी, उसाचा रस आणि गोळा यांवर झुंबड असते. खाण्याचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असावा लागतो, आणि साठवणुकीसाठी वापरायच्या बर्फाला वेगळा ओळखू यावा म्हणून निळा रंग देण्याचा नियम २०१८ मध्ये आला. बाटल्या गार करण्यासाठी गोणपाटात आणलेली लादी फोडून तीच रसाच्या ग्लासात पडते आहे का, एवढे तरी पाहावे. आणि वर्तमानपत्राच्या कागदावर तेलकट बोंडा घेऊ नये. छपाईची शाई तेलात उतरते, आणि वर्तमानपत्रात अन्न बांधून देण्यास बंदी आहे.

विक्रेत्याकडे अन्न सुरक्षेची नोंदणी आहे की नाही हे १४ अंकी क्रमांकावरून कळते. तो क्रमांक ठेल्यावर लावलेला असला पाहिजे. तो असला म्हणजे तेल चांगलेच आहे असे नाही, पण तो असला की त्या माणसाचा पत्ता यंत्रणेकडे आहे, आणि एवढ्याने सावधपणा वाढतो.

कायदा कोठपर्यंत साथ देतो

मैदानावरच्या वस्तूंचे कायद्याच्या दृष्टीने दोन वर्ग पडतात. सीलबंद वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापलेली असते आणि किरकोळ विक्रेत्याला त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. एकाच वस्तूवर बाजारात एक आणि स्टेडियम किंवा विमानतळासाठी दुसरी एमआरपी छापणे पूर्वी सर्रास चालत असे. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्याला बंदी आली. मात्र ही बंदी तंतोतंत सारख्या वस्तूंना लागू आहे. पाणी तेच, पण बाटलीचा आकार वेगळा किंवा नाव वेगळे असले की ती वेगळी वस्तू ठरते आणि तिच्यावर चढी किंमत छापता येते. मोठ्या ठिकाणी गेल्यावर कधी न पाहिलेल्या नावाची बाटली हातात पडते, त्यामागचे एक कारण हे असू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असा निर्णय दिला की हॉटेल आणि उपाहारगृहे बाटलीबंद पाण्याला एमआरपीपेक्षा जास्त दर लावू शकतात, कारण तिथे बसण्याची जागा, वाढपी आणि वातावरण यांची सेवाही त्या दरात असते. फळीवरून नुसती बाटली पुढे सरकवणाऱ्या स्टॉलला हा आधार घेणे माझ्या मते कठीण आहे. जास्त पैसे मागितले गेले तर बाटलीचा आणि मिळाल्यास पावतीचा फोटो घेऊन वैधमापनशास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

बोंडा, चहा, ग्लासात ओतून दिलेले शीतपेय हा दुसरा वर्ग. त्यांना एमआरपी नाही, त्यांचा दर विक्रेता ठरवतो. कायदा इथे फारसा मदतीला येत नाही, आणि म्हणूनच ठेक्याच्या कागदाचे महत्त्व वाढते.

राहिले पाणी. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या सामन्याला मी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन गेलो होतो. प्रवेशद्वारावर आमची पाण्याची बाटली काढून घेण्यात आली. आत पाण्याचा एकच स्टॉल होता, तिथे मोठ्या कॅनमधले पाणी कागदी ग्लासात ओतून वीस रुपयांना विकले जात होते, आणि सीलबंद बाटली मागितली तर ती नाही असे सांगण्यात आले. ग्लासात ओतले की एमआरपीचा प्रश्नच संपतो. भाचीने तीन ग्लास पाणी प्यायले आणि चौथा मागताना माझ्या तोंडाकडे पाहिले. नऊ वर्षांच्या मुलीला पाणी मागताना संकोच वाटावा, याचे मला आजही वाईट वाटते.

बाटली काढून घेण्यामागे सुरक्षेचे खरे कारण आहे, हे मी नाकारत नाही. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरच्या उपान्त्य सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या आणि सामना तिथेच संपवावा लागला. भरलेली, झाकण लावलेली बाटली दूरवर फेकता येते. पण म्हणूनच इंग्लंडच्या अनेक मैदानांवर बाटली विकताना झाकण काढून घेतात. उघडी बाटली फेकली तर वाटेतच रिकामी होते. म्हणजे सुरक्षा सांभाळूनही माणसाला पाणी देता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांविषयी निर्णय देताना बाहेरचे खाणे रोखण्याचा मालकांचा हक्क मान्य केला, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे लागेल आणि तान्ह्या बाळासाठी पालकांना खाणे आत नेऊ द्यावे लागेल, हेही नोंदवले. तो निर्णय चित्रपटगृहांचा आहे, परंतु वातानुकूलित अंधारात तीन तास बसणाऱ्याला जे मिळायला हवे, ते नागपूरच्या उन्हात पायऱ्यांवर बसणाऱ्याला का मिळू नये, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

समितीतल्या माझ्या शेवटच्या वर्षी आम्ही लिलाव बंद केला. एकाऐवजी पाच स्टॉल दिले, प्रत्येकाकडून ठरावीक छोटी रक्कम घेतली, आणि दर कागदात लिहून घेतले: बोंडा २५, तर्री पोहे ३०, चहा १०. त्यांपैकी दोन स्टॉल वस्तीतल्या महिला बचत गटांना मिळाले. प्रवेशापाशी खडूने दर लिहिलेला फळा उभा केला, आणि थंड पाण्याचे कॅन समितीच्या खर्चाने ठेवले. ठेक्याची जमा निम्म्याहून कमी झाली. ती तूट भरून काढायला आम्ही दुकानदारांकडून मैदानाभोवतीच्या कापडी फलकांसाठी वर्गणी मागितली, त्यात सगळी भरली नाही, आणि करंडक आदल्या वर्षीपेक्षा लहान आला. यावर समितीत बरीच नाराजी झाली. विजेत्या संघाच्या मुलांनी तो डोक्यावर घेऊन मिरवला, त्यांनी उंची मोजली नाही.

त्याच वर्षी एका ताईंनी परवानगी न घेताच कुंपणापाशी संत्र्यांची टोपली मांडली. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या फुटबॉल संघांना मध्यंतरात संत्र्याच्या फोडी देण्याची जुनी रीत आहे. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, अंबिया बहाराचे फळ नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळी स्पर्धांचा बराचसा काळ त्यात बसतो. संत्र्याला कढई लागत नाही, सिलिंडर लागत नाही, साल हेच त्याचे वेष्टन असते, आणि उरलेले फळ दुसऱ्या दिवशी विकता येते. ताईंनी दहा रुपयांना दोन दिली. दुसऱ्या सामन्याला त्यांची टोपली मध्यंतर सुरू होण्याआधीच रिकामी झाली होती, आणि पुढच्या आठवड्यात त्या दोन टोपल्या घेऊन आल्या, तेव्हा सहाव्या स्टॉलची पावती त्यांच्या नावाने मी स्वतः फाडली.